खूण नसलेला चावा: जांबोटी-कणकुंबी पट्ट्यातल्या एका म्हशीचं रेबीज प्रकरण

(गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. घरच्या कर्त्या गृहस्थांना इथे आप्पा म्हटलं आहे.)

पार्श्वभूमी

खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग म्हणजे डोंगर, दाट जंगल आणि धो धो पाऊस. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, चोर्ला घाट उतरलं की गोवा लागतो आणि उत्तरेला चंदगडची हद्द, म्हणजे महाराष्ट्र. गावं लहान, बोलणं मराठी. घरटी दोन-चार म्हशी असतात, सकाळ-संध्याकाळ डेअरीत दूध घातलं जातं आणि महिन्याचा खर्च बराचसा त्यावरच चालतो. जंगलाच्या कडेला धनगर गवळ्यांचे वाडे. जनावरं दिवसभर रानात चरतात. तिथे काय घडलं ते बहुतेक वेळा मालकाला कळतच नाही.

दिवाळी होऊन गेली होती. आप्पांची नुकतीच व्यालेली म्हैस वैरणीला तोंड लावेना. तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या, मान ताणून ती हंबरायचा प्रयत्न करत होती आणि आवाज घोगरा येत होता. रताळ्याची काढणी चालू होती, त्यामुळे घशात रताळं अडकलं असणार असं सगळ्यांनी धरून चाललं. आप्पांनी कोपरापर्यंत हात घालून घसा चाचपला. मग मुलानं, मग शेजाऱ्यानं. काही लागलं नाही म्हणून बांबूच्या नळीनं गोडं तेल पाजलं. ते सगळं बाहेर आलं, कारण तिला गिळताच येत नव्हतं.

"डॉक्टर, घशात काय तरी अडकलंय बघा. तुम्ही हात घालून बघा की," आप्पांनी मी गोठ्यात शिरताच सांगितलं.

हात घातला नाही. म्हशीचे मागचे पाय लटपटत होते, शेपूट लुळी पडली होती, ती सारखी कुंथत होती, आणि आवाजातला तो घोगरेपणा घसा अडकलेल्या जनावराचा वाटत नव्हता. लाळ, बदललेला आवाज आणि मागून वर सरकणारा लुळेपणा एकत्र दिसला की रेबीजचा संशय धरायचा आणि तो खोटा ठरेपर्यंत सोडायचा नाही. गायी-म्हशींत हा रोग पुष्कळदा अंगावर धावून येणाऱ्या रूपात दिसत नाही. जनावर गप्प होतं, लाळ गाळतं आणि खचत जातं. म्हणूनच माणसं निर्धास्तपणे त्याच्या तोंडात हात घालतात.

अडचण

माणसांना असलेला धोका स्पष्ट होता आणि त्याचं उत्तरही ठरलेलं होतं. त्याकडे पुढे येतो.

दुसरी अडचण गुंतागुंतीची होती. काही दिवसांपूर्वी जवळच्या गवळीवाड्यावर एक गाय अशीच लाळ गाळत मेली होती आणि तिला लगेच पुरलं होतं. दोन्ही जनावरांच्या अंगावर चाव्याची खूण नव्हती. गावातल्या पोरांच्या मोबाईलवर दक्षिण अमेरिकेतल्या रक्त चाटणाऱ्या वटवाघळांचा एक व्हिडिओ फिरत होता. गावाच्या वरच्या अंगाला कड्यात एक गुहा आहे, तीत वटवाघळं राहतात. दोन आणि दोन चार झाले. पेंढा, मिरच्या आणि टायर पेटवून गुहा धुरानं भरायची, असं ठरायला फार वेळ लागला नाही.

गवळ्यांचं म्हणणं वेगळं होतं. पावसाळ्यात एक कोल्हं भर दिवसा वाड्यात शिरलं होतं, ते पिसाळलेलंच असणार, तेव्हा फासक्या लावायच्या. आप्पांच्या घरच्यांचा राग मात्र शेजारच्या वाडीतल्या एका कुत्र्यावर होता. त्या घराशी त्यांचा बांधावरून जुना वाद आहे. कुत्र्यांना विष घालायची भाषा तिथून आली.

म्हणजे तीन संशयित आणि तिघांसाठी शिक्षा आधीच ठरलेली. रोग कुठून आला हे कुणालाच माहीत नव्हतं.

इथे वटवाघळांबद्दल थोडं सांगायला हवं. रक्तावर जगणाऱ्या वटवाघळांच्या जगात तीनच जाती आहेत आणि त्या तिन्ही फक्त लॅटिन अमेरिकेत सापडतात. आपल्याकडची बहुतेक वटवाघळं किडे किंवा फळं खातात. थोडी मोठी मांसाहारी आहेत, ती बेडूक, उंदीर, पाली धरतात. म्हशीचं रक्त प्यायला कुणी येत नाही. आणि खानापूरचं जंगल वटवाघळांसाठी साधं नाही. भीमगड अभयारण्यातल्या तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत रॉटनचं वटवाघूळ राहतं. 1913 साली त्या जातीचं शास्त्रीय वर्णन झालं, आणि त्यानंतर कित्येक दशकं सगळ्या जगात तिचं तेवढं एकच ठिकाण माहीत होतं. पुढे मेघालयात आणि कंबोडियातही ती सापडली. आमच्या गावची गुहा ती नव्हे. पण एका गुहेत धूर केल्यावर वटवाघळं गेली आणि रोगही गेला, अशी बातमी पसरली असती तर पुढची गुहा कुठली असती?

तरीही वटवाघळांना न तपासता निर्दोष ठरवणं बरोबर नव्हतं. रेबीजचा विषाणू लिसाव्हायरस नावाच्या कुळातला. त्याच कुळातले इतर बरेच विषाणू वटवाघळांत आढळतात: युरोपात, आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात. श्रीलंकेत फळं खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांत गन्नोरुवा नावाचा लिसाव्हायरस सापडल्याचं 2016 साली प्रसिद्ध झालं, आणि ती जात आपल्याकडेही वडा-पिंपळावर लटकलेली दिसते. 2017 मध्ये नागालँडमधल्या काही वटवाघळांच्या रक्तात या कुळाविरुद्धच्या अँटिबॉडी (विषाणूशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं) आढळल्याचं जाहीर झालं, खुद्द विषाणू हाती लागला नव्हता. शंका घ्यायला एवढं पुरेसं आहे. पेंढा पेटवायला नाही.

कोणते पर्याय होते

सगळ्यात सोपा पर्याय म्हणजे म्हैस मेली की खोल खड्डा खणून, चुना-मीठ टाकून पुरायची. गावाची इच्छा तीच होती. रोगनिदान लक्षणांवरून पक्कं धरून माणसांना लस देता आली असती. पण कारण कळलं नसतं आणि गुहा, कोल्हं, कुत्री तिन्ही संकटात राहिली असती.

दुसरा पर्याय: मेंदूचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकून निग्री बॉडीज (रेबीजमुळे मेंदूच्या पेशींत दिसणारे ठिपके) बघायला पाठवायचा. 1903 साली आडेल्की निग्री यांनी दाखवलेल्या या खुणा दिसल्या तर रेबीज नक्की. पण अनेक बाधित मेंदूंत त्या दिसतच नाहीत, आणि फॉर्मॅलिनमध्ये बुडालेला नमुना पुढच्या नेहमीच्या चकाकी चाचण्यांना निरुपयोगी होतो. बाटलीत काय भरायचं हा निर्णय गोठ्यात घेतला जातो आणि तो नंतर फिरवता येत नाही. या प्रकरणातलं सगळ्यात मोठं वळण मला तेच वाटतं.

जागेवर पट्टी टाकून बघायचा झटपट किटही मिळतो. तो पॉझिटिव्ह आला तर उपयोगी, निगेटिव्ह आला तर त्यावर विसंबता येत नाही. शिवाय विषाणू कुठल्या स्ट्रेनचा, म्हणजे उपप्रकारचा, हे तो सांगत नाही.

उरला शेवटचा पर्याय: ताजा मेंदू बर्फात बंगळूरला पाठवायचा, आधी रेबीज आहे की नाही ते फ्लुरोसंट अँटिबॉडी चाचणीनं ठरवून घ्यायचं, आणि पॉझिटिव्ह आला तर मोनोक्लोनल अँटिबॉडींच्या संचानं स्ट्रेन ओळखायची विनंती करायची. यात वेळ जाणार होता. गाव तोवर थांबेल का, हा प्रश्न होता.

माणसांचे उपचार आधी

हे निर्णय चालू असतानाच आप्पा, त्यांचा मुलगा आणि शेजारी यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलं. तिघांच्याही हातांवर रताळी काढताना झालेल्या चिरा होत्या. खरचटलेल्या त्वचेला लाळ लागली की तो तिसऱ्या श्रेणीचा संपर्क. साबणानं आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुणं, रेबीज इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडींचं इंजेक्शन), आणि त्वचेत 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी लस. प्रयोगशाळेच्या निकालाची वाट बघत हे थांबवायचं नसतं.

घरात धार काढणाऱ्या मावशी "मी हात कुठं घातला?" म्हणत यायला तयार नव्हत्या. वैरण टाकताना म्हशीची लाळ त्यांच्या हातावर पडत होती आणि बोटांना भेगा होत्या. आशा कार्यकर्ती घरी जाऊन बसली, तेव्हा दुसऱ्या दिवशी त्या आल्या.

उलट डेअरीत दूध गेलं या बातमीनं अर्धं गाव सुई टोचून घ्यायला रांगेत उभं राहिलं. उकळलेल्या दुधाच्या चहानं रेबीज होत नाही. दुधातून माणसाला हा रोग झाल्याचं सिद्ध झालेलं उदाहरण नाही, तरी आजारी जनावराचं कच्चं दूध पिऊ नये. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी एकेकाला विचारून, ज्यांचा लाळेशी संबंध आला नव्हता त्यांना परत पाठवलं. इम्युनोग्लोब्युलिनचा साठा मर्यादित असतो. भीती वाटणाऱ्या सगळ्यांना ते दिलं असतं तर खऱ्या गरजूला पुरलं नसतं. पारडू आईपासून वेगळं केलं आणि गोठ्यातल्या बाकीच्या जनावरांसह त्याला लस सुरू केली.

नमुना

म्हैस काही दिवसांतच गेली. कवटी फोडून मेंदू काढायची पद्धत म्हशीच्या बाबतीत अवघड, आणि हाडांचे कण, तुषार उडत असल्यानं धोक्याचीही. त्याऐवजी डोकं मानेपासून वेगळं करून, मणक्याचा दोर जिथून कवटीत शिरतो त्या भोकातून प्लास्टिकची नळी डोळ्याच्या दिशेनं सारली. आत सरकवताना नळी फिरवायची, मग टोक बोटानं बंद करून बाहेर ओढायची. आत मऊ, करड्या-पांढऱ्या रंगाचा दंडगोल येतो. त्यात पहिल्यांदा मेंदूचं खोड येतं आणि रेबीजसाठी तेच हवं असतं. त्याच वाटेनं लहान मेंदूचाही भाग काढला. दुहेरी हातमोजे, चेहऱ्यावर ढाल, आणि हे करणाऱ्या दोघांनीही लस आधीच घेतलेली.

एक भाग घट्ट झाकणाच्या बाटलीत कोरडाच, बर्फावर. दुसरा पन्नास टक्के ग्लिसरीन-सलाईनमध्ये, वाटेत बर्फ वितळलंच तर आधार म्हणून. फॉर्मॅलिन गोठ्यात आणलंच नव्हतं. तिहेरी वेष्टण करून, गाईच्या प्रकरणाची सगळी हकिकत सोबत लिहून, एक सहायक स्वतः पेटी घेऊन रात्रीच्या गाडीनं गेला.

गावाला आम्ही एवढंच मागितलं: निकाल येईपर्यंत गुहेकडे कुणी जाऊ नये, कुत्र्यांना विष घालू नये. वन खात्याचे गार्ड दोन दिवस त्या वाटेवर बसले. पण खरं काम केलं ते गवळीवाड्यावरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी. "त्या वटवाघळांच्या लेंडीवर आमच्या बापानं भात पिकवला," ते पंचायतीत म्हणाले, आणि पोरं जरा गप्प झाली.

चाचणीत काय दिसलं

पहिल्या चाचणीत मेंदूचा ठसा काचेवर घेऊन थंड ॲसिटोनमध्ये स्थिर करतात, त्यावर चकाकणारा रंग जोडलेल्या अँटिबॉडी घालतात आणि खास सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. काळ्या पार्श्वभूमीवर हिरवे ठिपके चमकले की रेबीज. 1958 पासून चालत आलेली ही चाचणी आजही निदानाचा आधार आहे. आमचा नमुना ठळक पॉझिटिव्ह होता.

पण ही चाचणी लिसाव्हायरस कुळातल्या जवळपास सगळ्यांनाच पकडते, कारण तीत वापरलेल्या अँटिबॉडी विषाणूच्या न्यूक्लिओप्रोटीनचे अनेक भाग एकदम ओळखतात, आणि ते प्रथिन कुळभर बरंचसं सारखं आहे. रोग कळतो, विषाणूचं घराणं कळत नाही.

मोनोक्लोनल अँटिबॉडी इथे कामाला येतात. ही पद्धत क्योलर आणि मिलस्टाइन यांनी 1975 साली दिली. एका पेशीच्या वंशातून निघालेली अँटिबॉडी प्रथिनावरची एकच जागा ओळखते, दुसरी कुठलीही नाही. तोवर रेबीजचे सगळे विषाणू अँटिबॉडींच्या दृष्टीनं सारखेच मानले जात. 1978 मध्ये विक्टर आणि कोप्रॉव्स्की यांनी या अँटिबॉडी वापरून त्यांच्यात फरक असल्याचं दाखवलं. आता संच तयार असतात. एकाच मेंदूचे ठसे काचेवरच्या वेगवेगळ्या कोष्टांत घेतात, प्रत्येकात वेगळी अँटिबॉडी घालतात, ऊब देतात, धुतात, आणि मग उंदराच्या अँटिबॉडीला चिकटणारा चकाकता रंग घालतात. काही कोष्टं चमकतात, काही काळी राहतात. चमकल्या-न-चमकल्याचा हा क्रम म्हणजे त्या स्ट्रेनची ओळख. लॅटिन अमेरिकेत याच रीतीनं कुत्र्यातली स्ट्रेन आणि रक्तपिपासू वटवाघळातली स्ट्रेन वेगळ्या काढतात. दक्षिण आफ्रिकेत मुंगसांमधली आणि कुत्र्यांमधली वेगळी ओळखतात.

आमच्या नमुन्याचा क्रम नेहमीच्या रेबीज विषाणूचा, म्हणजे भारतातल्या कुत्र्यांत फिरणाऱ्या प्रकाराशी जुळणारा आला. वटवाघळांतल्या इतर लिसाव्हायरसशी तो जुळला नाही. खात्रीसाठी न्यूक्लिओप्रोटीनच्या जनुकाचा एक भाग वाचून घेतला. तोही दक्षिण भारतातल्या कुत्र्यांच्या विषाणूंच्या शेजारी बसला.

याचा एक लगेचचा फायदा उपचारांत दिसला. आपली लस रेबीज विषाणूवर आणि त्याच्या जवळच्या भाऊबंदांवर चालते. आफ्रिकेतल्या मोकोला किंवा लागोस बॅटसारख्या दूरच्या विषाणूंपासून ती संरक्षण देत नाही. आप्पांच्या घरच्यांना दिलेली लस योग्य विषाणूवरच होती, हे त्यांना तोंडावर सांगता आलं.

निकाल कसा वाचायचा

"म्हणजे कुत्रंच चावलं ना?" आप्पांच्या मुलाचा पहिला प्रश्न हाच होता. त्याच्या डोळ्यांसमोर शेजारच्या वाडीतलं ते कुत्रं होतं.

चाचणी हे सांगत नाही. बोलण्यावरून माणूस चंदगडचा की निपाणीचा ते ओळखता येतं, तो कुठल्या गाडीनं आला ते ओळखता येत नाही. विषाणू कुठल्या प्राण्यांच्या साखळीत वाढला ते स्ट्रेनवरून कळतं. म्हशीला प्रत्यक्ष दात कुणाचे लागले ते कळत नाही. भारतातल्या कोल्ह्यांत सापडणारा विषाणूही बहुधा कुत्र्यांचाच असतो. पिसाळलेलं कुत्रं कोल्ह्याला चावतं, कोल्हं रानात म्हशीला. अँटिबॉडींच्या संचाला दोन्ही वाटा सारख्याच दिसतात. त्यामुळे शेजारच्या कुत्र्यावरचा आरोप सिद्ध झाला नाही आणि गवळ्यांचं कोल्हंही सुटलं नाही.

चाव्याची खूण नसणंही कशाचाच पुरावा नव्हता. चावल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत आठवडे किंवा महिने जातात. तोंडावरचा, पायावरचा छोटा दातांचा घाव तोवर भरून केस उगवलेले असतात.

पंचायतीत निकाल सांगताना मी एक वाक्य ठरवून घेतलं होतं: रोगाचं मूळ कुत्र्यांच्या साखळीत आहे, आणि ती साखळी लसीनं तुटते, विषानं नाही. मारलेल्या कुत्र्यांच्या जागी बाहेरची, लस न घेतलेली कुत्री येतात. कळपातल्या सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर विषाणूला पुढे जायला वाट उरत नाही. चोर्ल्याच्या पलीकडे गोव्यानं हेच वर्षानुवर्षं करून 2021 साली स्वतःला रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर केलं. घाटाच्या अलीकडचं आमचं एक लस न दिलेलं गाव त्यांच्याही कामावर पाणी पाडू शकतं.

पुढे काय झालं

गुहा पेटली नाही. गावातल्या, दोन शेजारच्या वाड्यांवरच्या आणि गवळीवाड्यावरच्या कुत्र्यांना लस दिली. पाळीव कुत्री मालकांनी आणली, मोकाट जाळीनं धरली, आणि रानात गुरांमागे फिरणारी गवळ्यांची कुत्री सगळ्यात शेवटी हाती लागली. माझ्या मते याच कुत्र्यांची लस सगळ्यात मोलाची होती, कारण कोल्ह्यांशी गाठ त्यांचीच पडते. वादातल्या त्या कुत्र्यालाही आप्पांच्या मुलासमोर लस दिली. ते निरोगी होतं, आणि चावल्याचा आरोप होता त्याला इतके आठवडे उलटूनही जिवंत होतं. पिसाळलेलं कुत्रं लक्षणं दिसल्यावर साधारण दहा दिवसांत मरतं. एवढ्यावर वाद मिटला नाही, पण विषाची भाषा थांबली.

तिघांचे आणि मावशींचे डोस पूर्ण झाले, सगळे ठणठणीत आहेत. पारडू जगलं.

पुन्हा असं प्रकरण आलं तर

गवळीवाड्यावरच्या गाईचा नमुना घेतला गेला असता तर दोन्ही मरणं एकाच साखळीतली होती का, ते कळलं असतं. वाड्यावरून निरोप यायला वेळ लागतो, रस्ता नाही, जनावर मेलं की दुर्गंधीआधी पुरायचं असतं. म्हणून निरोप कुणाला द्यायचा ते आता ठरलेलं आहे: डेअरीचा दूध गोळा करणारा रोज सकाळी वाड्यावर जातोच, त्याच्याकडे.

स्ट्रेन ओळखण्याची मागणी पहिल्याच कागदावर लिहायला हवी, निदान आल्यावर नाही. नमुना कसा साठवायचा, किती ठसे राखून ठेवायचे हे प्रयोगशाळेला आधी कळलं तर वेळ वाचतो. साध्या सूक्ष्मदर्शकावर होणाऱ्या डीआरआयटी या झटपट रेबीज चाचणीची सोय जिल्ह्यात झाली तर पहिलं उत्तर त्याच दिवशी मिळेल, आणि बंगळूरची वाट फक्त स्ट्रेनसाठी बघावी लागेल.

कोल्ह्यांचा प्रश्न उघडाच आहे. त्या हिवाळ्यात रानात एक मेलेलं कोल्हं सापडलं, पण उन्हानं आणि किड्यांनी मेंदू गेला होता. आता वन खात्याच्या गार्डांशी बोलणं झालं आहे: मेलेलं किंवा दिवसाढवळ्या झिंगत फिरणारं कोल्हं दिसलं की जाळायच्या आधी फोन करायचा. कोल्ह्याच्या मेंदूचा क्रमही कुत्र्याच्याच स्ट्रेनचा आला, तर कोल्ह्यांत वेगळी साखळी तयार झालेली नाही असं मानायला आधार मिळेल आणि कुत्र्यांची लस पुरेल. क्रम वेगळा आला, तर खानापूर, चंदगड आणि गोव्यातली सत्तरी या तिन्ही बाजूंच्या पशुवैद्यकांना एकत्र बसून नवा विचार करावा लागेल.